‘उघडण्याजोगी’ खिडकी आणि ‘प्रमाणित’ घर

केंद्र शासनाच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेली ‘इको निवास संहिता’ हा अभियंत्यांचा ग्रंथ खरा. परंतु जी रचना स्वतःस संहिता म्हणवते, तिच्या शब्दयोजनेची चिकित्सा करण्याचा अधिकार भाषाभ्यासकासही पोचतो. पुढे ती विस्तारली व सुधारली गेली. येथे विचार मूळ पाठापुरताच केला आहे. शीत प्रदेश वगळता अन्यत्र, छप्पर सोडून उरलेल्या बाह्य आवरणातून घरात येणारी उष्णता दर चौरस मीटरला १५ वॅटपेक्षा अधिक असू नये, हा तिचा मुख्य दंडक. त्याच्या योग्यतेविषयी वाद नाही. वाद आहे तो भाषेविषयी.

खिडक्यांचे कोष्टक पाहावे. घरातील वापराच्या जमिनीच्या मानाने बाहेर उघडणाऱ्या खिडक्या, दारे व झरोके यांचे क्षेत्र उष्ण-दमट प्रदेशात किमान १६.६६ टक्के, संमिश्र व समशीतोष्ण प्रदेशांत १२.५० टक्के, उष्ण-कोरड्या प्रदेशात १० टक्के व शीत प्रदेशात ८.३३ टक्के असावे, असे ते सांगते. हे आकडे म्हणजे अनुक्रमे षष्ठांश, अष्टमांश, दशमांश आणि द्वादशांश. दुसरे काही नाही. दशांशचिन्हापुढील अंकांनी सूक्ष्म मोजमापाचा आभास मात्र निर्माण होतो. ‘जमिनीचा सहावा हिस्सा उघडता आला पाहिजे’ हे वाक्य मुंबईतील गवंड्यास एकदा ऐकून कळेल, १६.६६ हा आकडा त्याला सल्लागाराच्या दारात उभा करतो. ढोबळ व उपयुक्त अपूर्णांकाची लाज वाटण्याचे कारण काय?

या कोष्टकातील कळीचा शब्द ‘उघडण्याजोगी’ हा आहे, आणि तो जाणून योजलेला आहे. दोन झडपांची सरकती खिडकी कितीही रुंद असली, तरी निम्मीच उघडते. म्हणून केवळ काचेचे क्षेत्र मोजून भागत नाही. परंतु शब्दाची मर्यादा त्याच्या प्रत्ययातच आहे. ‘-जोगी’ने शक्यता सांगितली जाते, क्रिया नव्हे. रस्त्यावरील धुळीमुळे, डासांमुळे वा वातानुकूलन यंत्रामुळे बारा महिने बंद राहणारी खिडकीही ‘उघडण्याजोगी’च राहते. संहिता हा भेद लपवीत नाही; ती केवळ बांधणीविषयी बोलते.

प्रमाणपत्राची भाषा इतकी सावध नाही. ‘इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिल’च्या पद्धतीत आराखड्यावरून पूर्वप्रमाणन मिळविता येते. न्यायशास्त्राच्या परिभाषेत हे अनुमान होय, प्रत्यक्ष नव्हे. अनुमानही प्रमाणच आहे, हे मान्य. पण त्याचा हेतू सांगावा लागतो, आणि येथे हेतू म्हणजे अजून न बांधलेल्या घराचे नकाशे. जाहिरातीत येईतो ‘पूर्व’ हा उपसर्ग बारीक टंकात जातो, ‘सुवर्ण’ किंवा ‘प्लॅटिनम’ ठळक होते, आणि भविष्यकाळाचे विधान घर घेणारा भूतकृदंत म्हणून वाचतो. ‘प्रमाणित घर’ या शब्दांत घर आधीच तपासले गेल्याचा अर्थ आहे. त्या अर्थावरच तो आयुष्याची पुंजी लावतो.

मराठीत अशा इमारतींसाठी ‘पूर्वप्रमाणित’ऐवजी ‘आराखडा-प्रमाणित’ हा शब्द रूढ करता येईल. तो बोजड आहे. पण काय प्रमाणित झाले, ते त्यात स्पष्ट दिसते. लोक राहावयास आल्यानंतरची वीज व पाण्याची देयके पाहून जे दिले जाईल, त्यासाठी ‘प्रमाणित’ हा शब्द मोकळा राहील.