अग्रहाराबाहेरचे हात : साथीच्या कथनातील साहाय्य आणि कर्तृत्व

बंगळुरूच्या दक्षिणेला होसूर रस्त्यावर वसलेल्या इलेक्ट्रॉनिक सिटीने जी जुनी गावे आपल्या पोटात घेतली, त्यांपैकी एकाचे नाव कोनप्पन अग्रहार. ऑगस्ट २०२५मध्ये मेट्रोची पिवळी मार्गिका सुरू झाली, तेव्हा ‘इन्फोसिस फाउंडेशन’ आणि ‘कोनप्पन अग्रहार’ ही दोन पदे एकाच स्थानकाच्या फलकावर आली. अग्रहार म्हणजे ब्राह्मणांना दान दिलेली वसाहत. फाउंडेशन म्हणजे उद्योगाने दानासाठी उभारलेली संस्था. देणारा, घेणारा आणि ज्याचा या व्यवहारात उल्लेखच होत नाही असा तिसरा, हे त्रिकूट या भूमीला नवे नाही. कन्नड साहित्याच्या वाचकाला तर ‘अग्रहार’ हा शब्द उच्चारताच आणखी एक गोष्ट आठवते, ती म्हणजे प्लेग.

यू. आर. अनंतमूर्ती यांच्या ‘संस्कार’ (१९६५) या कादंबरीत दुर्वासपुराच्या माध्व अग्रहारात नारणप्पा हा आचारभ्रष्ट ब्राह्मण शिवमोग्याहून ताप घेऊन परततो आणि मरतो. त्याचे प्रेत कोणी जाळायचे, हा प्रश्न प्राणेशाचार्यांसमोर येतो. आचार्य पोथ्या धुंडाळतात, मारुतीचा कौल मागतात. प्रेत कुजत राहते, उंदीर मरतात, घरांवर गिधाडे उतरतात. ए. के. रामानुजन यांचा इंग्रजी अनुवाद १९७६मध्ये प्रसिद्ध झाल्यानंतर या कादंबरीवर जी विपुल चर्चा झाली, ती प्रामुख्याने आचार्यांच्या अस्तित्वविषयक पेचाभोवती फिरली. हे समजण्यासारखे आहे. कादंबरीने अंतर्मन बहाल केले आहे ते मुख्यतः आचार्यांनाच. परंतु २०२०च्या महासाथीनंतर ही संहिता पुन्हा वाचताना एक साधा प्रश्न टाळता येत नाही. साथीत प्रत्यक्ष काम कोण करते, आणि कथन त्या कामाला किती जागा देते?

‘संस्कार’मध्ये ते काम चंद्री करते. नारणप्पाची ही बहिष्कृत सहचारिणी प्रथम आपले सोने अंत्यविधीसाठी आचार्यांपुढे ठेवते. परिणाम उलटाच होतो. जो प्रश्न क्षणापूर्वी अशौचाचा होता तो सोन्याचा होतो, आणि कालपर्यंत मागे सरणारे ब्राह्मण त्या सोन्यासाठी पुढे सरसावू लागतात. दानाच्या भाषेत मांडलेले साहाय्य अग्रहाराला केवळ लोभाच्या वाटेने समजते, हे अनंतमूर्तींचे निरीक्षण फार कडवे आहे. पुढे एका रात्री चंद्री अहमद बारी या मुसलमान मासळी-व्यापाऱ्याकडे जाते. नारणप्पाने अडचणीच्या वेळी केलेली मदत त्याच्या स्मरणात आहे. तो गाडी आणि सरपण आणतो, प्रेत जळते आणि चंद्री कुंदापूरला निघून जाते. म्हणजे अग्रहाराचा संपूर्ण धर्मप्रश्न त्या रात्रीच निकालात निघालेला असतो, आणि हे अग्रहाराला ठाऊक नसते. आचार्य आणि इतर ब्राह्मण पुढे कितीतरी काळ एका अशा प्रेताचे ओझे वाहतात, जे जागेवर नाही. या व्याजोक्तीचा उल्लेख समीक्षेत होतो. पण तिच्या मुळाशी असलेल्या कृतीचे स्वरूप क्वचितच तपासले जाते. अहमद बारीची कृती दया नव्हे, दानही नव्हे. ती एका जुन्या देण्याची फेड आहे, आणि म्हणूनच तीत संकोच नाही, शास्त्रार्थ नाही.

कादंबरीची मर्यादाही याच ठिकाणी दिसते. या कृतीसाठी मोजका मजकूर खर्ची पडतो. दलित वस्तीतील मरण तर याहूनही काठावर आहे. बेळ्ळीचे आईबाप मरतात, त्यांची झोपडी प्रेतांसह पेटवून दिली जाते, आणि अग्रहार त्या ज्वाळेकडे पाहतो तो स्वतःच्या चिंतेच्या आडून. अनंतमूर्तींनी आपल्या बालपणीच्या प्लेगविषयी सांगताना लस अग्रहारात पोचली आणि दलित वस्तीत पोचली नाही, ही आठवण नोंदवली आहे. लेखकाला जे दिसले होते ते कादंबरीच्या रचनेने दूर ठेवले; रचनेचा केंद्रबिंदू आचार्य असल्याने ते दूर राहणे अटळच होते. (काम्यूच्या ‘द प्लेग’मध्ये, १९४७, स्वयंसेवकांची पथके केंद्रस्थानी आहेत, तेथेही ओरानचे अरब रहिवासी जवळपास अदृश्य आहेत, याची चर्चा पाश्चात्त्य समीक्षेत बरीच झालेली आहे.)

मराठीत प्लेगची स्मृती निराळ्या रीतीने घडली. सप्टेंबर १८९६मध्ये मुंबईच्या मांडवी भागात साथ ओळखली गेली, फेब्रुवारी १८९७मध्ये साथरोग कायदा झाला, आणि २२ जून १८९७ रोजी पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली. मराठी मनात रुतून बसले ते पिस्तूल. त्या गोळीच्या तीन महिने आधी, १० मार्च १८९७ रोजी, सावित्रीबाई फुले यांचा प्लेगने झालेला मृत्यू दीर्घकाळ तळटीपेच्या योग्यतेचा मानला गेला. पुण्याबाहेर, डॉ. यशवंतराव यांच्या दवाखान्यात, मुंढव्याच्या महारवाड्यातील पांडुरंग या आजारी मुलाला त्यांनी पाठीवरून आणले. मुलगा वाचला, त्यांना लागण झाली. अलीकडच्या दशकांत ही घटना सर्वतोमुखी झाली आहे. मात्र २०२०च्या टाळेबंदीत तिचा जो जयघोष झाला, त्यात सावित्रीबाई ‘त्यागमूर्ती’ होऊन बसल्या. या विशेषणाने त्यांचा सन्मान होतो, पण त्यांचे काम झाकले जाते. एकट्या मातेच्या करुणेत रूपांतर झाले की संघटना दिसेनाशी होते.

मा. गो. माळी यांनी संपादित केलेल्या ‘सावित्रीबाई फुले समग्र वाङ्मया’त (१९८८) समाविष्ट असलेले, एप्रिल १८७७मध्ये ओतूरहून जोतीरावांना लिहिलेले पत्र या संदर्भात निर्णायक ठरते. विषय साथीचा नाही, दुष्काळाचा आहे. परंतु साहाय्याची भाषा कशी असते, हे त्यातून स्पष्ट होते. उजाड रान, गाव सोडून निघालेली माणसे यांचे वर्णन पत्रात आहे, पण पत्र तेथे रेंगाळत नाही. ते लगेच समित्यांकडे, सावकारांशी झालेल्या संघर्षाकडे, पकडून नेलेल्या सत्यशोधक कार्यकर्त्यांकडे वळते. सावित्रीबाई कलेक्टरपुढे उभ्या राहून त्यांची बाजू मांडतात. कार्यकर्ते सुटतात आणि ज्वारीच्या गाड्या मिळतात. त्यात स्वतःच्या कष्टांचे कौतुक नाही. जवळजवळ अहवालासारखी, माणसांची नावे घेत पुढे जाणारी ही गद्यशैली आहे. कर्ता बहुवचनी आहे. ‘संस्कार’च्या आचार्यांना जो प्रश्न पडतो, ‘धर्म काय सांगतो?’, तो या पत्रात उद्भवतच नाही. प्रश्न धान्याचा आणि ते अडवणाऱ्याचा आहे. १८९७मधील ती पाठ या पत्राच्या प्रकाशात वाचली, तर तो अकस्मात झालेला त्याग राहत नाही. वीस वर्षे चाललेल्या संघटित कामातील तो एक दिवस ठरतो.

पत्राच्या या वंशातील सर्वांत अलीकडचे लेखन, अनपेक्षितपणे, इलेक्ट्रॉनिक सिटीच्या परिसराशी जोडलेले आहे. मार्च २०२०मध्ये टाळेबंदी लागू झाल्यावर माहिती-उद्योगातील कर्मचारी घरून काम करू लागले. बांधकामावरचे, कापड-कारखान्यांतले, सुरक्षारक्षकाचे काम करणारे परप्रांतीय मजूर मात्र होसूर रस्त्यालगतच्या खोल्यांत आणि पत्र्याच्या वसाहतींत अडकले. त्या वेळी इलेक्ट्रॉनिक सिटीत भरणाऱ्या अझीम प्रेमजी विद्यापीठातील अध्यापकाचा ज्यात सहभाग होता, त्या ‘स्ट्रँडेड वर्कर्स ॲक्शन नेटवर्क’ या स्वयंसेवकांच्या गटाने देशभरातील मजुरांचे दूरध्वनी घ्यायला सुरुवात केली. १५ एप्रिल २०२०च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या ‘२१ डेज अँड काउंटिंग’ या त्यांच्या अहवालात ११,१५९ मजुरांची नोंद आहे. त्यांतील निम्म्यांकडे एक दिवसाचाही शिधा उरलेला नव्हता. ९६ टक्क्यांना सरकारी शिधा मिळालेला नव्हता. ८९ टक्क्यांना मालकाने पगार दिलेला नव्हता. नोंदलेल्यांपैकी मोठा गट महाराष्ट्रात अडकलेला होता.

साहित्याभ्यासकाने असा अहवाल का वाचावा, हा आक्षेप अपेक्षित आहे. त्याचे उत्तर अहवालाच्या घडणीत आहे. दूरध्वनीवर विचारलेला कळीचा प्रश्न जात किंवा पात्रता यांचा नाही. शिधा किती दिवसांचा आहे, हा आहे. हा प्रश्न उत्तर देणाऱ्याला याचक न मानता माहितगार मानतो. ओतूरच्या पत्रातील गद्य ज्या जातीचे आहे, त्याच जातीचे हे गद्य आहे. त्याची उणीवही उघड आहे. टक्केवारीत विरघळताना मजुराचा आवाज चारदोन ओळींच्या तुकड्यांत शिल्लक राहतो. त्याला आधी-नंतर नाही, राग आहे पण स्वभाव नाही. तरीही त्याच काळात सत्तेचा जो प्रतिसाद दिसला, त्याच्या तुलनेत हे तुकडे मोलाचे आहेत. ५ मे २०२० रोजी बांधकाम-व्यावसायिकांबरोबरच्या बैठकीनंतर कर्नाटक सरकारने मजुरांना घरी नेणाऱ्या रेल्वेगाड्यांची मागणी मागे घेतली आणि टीका झाल्यावर दोनच दिवसांत निर्णय फिरवला. मजूर हवा होता तो हात म्हणून. त्याने गावी जायची इच्छा बोलून दाखवणे व्यवस्थेला अडचणीचे होते.

बंगळुरूने २०२० आणि २०२१मध्ये अहमद बारीचे रूपही नव्याने पाहिले. ‘मर्सी मिशन’ या मुस्लिम संस्थांच्या समूहाच्या स्वयंसेवकांनी, ज्यांच्या नातलगांना पुढे येता आले नाही किंवा येण्याचे धैर्य झाले नाही, अशा सर्व धर्मांच्या मृतांचे अंत्यविधी केले. तुलना मोहक आहे, पण ती जपूनच केली पाहिजे. कादंबरीतील दहन रात्री, लपून होते आणि त्याची कोणाला दाद लागत नाही. बंगळुरूमधील काम उजेडात, नोंदी ठेवून झाले, आणि तेही मुसलमानांवर साथ पसरवल्याचा आरोप देशभर होऊन गेल्यानंतर. अहमद बारीला नारणप्पाचे देणे होते. या स्वयंसेवकांचे मृतांकडे काहीही येणे-देणे नव्हते. उपकाराच्या फेडीतून नागरिकत्वाच्या दाव्याकडे झालेला हा प्रवास कन्नड वा मराठी कादंबरीला अजून पुरता हाताळावासा वाटलेला नाही. प्राणेशाचार्यांसारख्या निर्णयाच्या उंबरठ्यावर ताटकळणाऱ्या मनासाठी दोन्ही भाषांनी समर्थ कथनरूपे घडवली. सरपण गोळा करणाऱ्यासाठी घडवलेली त्या तोडीची रूपे थोडी आहेत.

आणि ज्याला उचलून नेले, त्याच्यासाठी तर त्याहूनही थोडी. सावित्रीबाईंच्या प्रचलित चरित्रांत मुंढव्याचा पांडुरंग पाठीवर येतो, बरा होतो आणि तेथून पुढे दिसत नाही. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर आपल्याला कोणी आणले, हे त्याला कोणी सांगितले असेल, आणि ती बाई आता कोठे आहे असे त्याने विचारले असेल काय, ही गोष्ट मराठीत अद्याप लिहिली जायची आहे.