‘स्मृतिचित्रां’तील श्रद्धा

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’विषयीं आमच्या सुशिक्षित कुटुंबांत जें बोललें जातें, तें बहुधा एकाच ठरीव साच्याचें असतें. बाईंचा विनोद, त्यांची निर्मळ भाषा, टिळकांचा लहरीपणा, उभयतांचीं भांडणें, आणि सोंवळ्याच्या पायीं साऱ्या घराला त्राहि भगवन् करून सोडणारे बाईंचे वडील, एवढें सांगून झालें कीं पुस्तक समजलें असें आम्ही मानतों. हें सर्व पुस्तकांत आहे आणि तें उत्तमच आहे. परंतु १९३४ ते १९३६ या काळांत चार भागांनीं प्रसिद्ध झालेलें हें आत्मचरित्र ज्या गोष्टीभोंवतीं फिरतें, ती गोष्ट आम्ही सोयीनें टाळीत आलों आहों. एका कर्मठ घरांत वाढलेल्या आणि शाळेचें तोंड न पाहिलेल्या बाईचा येशू ख्रिस्तावर विश्वास बसला कसा, आणि बसल्यावर तो वाढला कसा, ही ती गोष्ट. हिंदु वाचक तो भाग संकोचानें ओलांडतो. ख्रिस्ती वाचक त्याच्या कडेला कृतार्थतेची एक रेघ मारतो आणि पुढें जातो. वाचीत मात्र कोणीच नाहीं.

आम्हांस तो भाग नीट वाचावयास लावला एका श्रोत्यानें. डिलाईल रोडवर (कागदोपत्रीं हा रस्ता आतां ना. म. जोशी मार्ग झाला आहे, परंतु तेथील माणसांच्या तोंडचें जुनें नांव कांहीं जात नाहीं) बी. डी. डी. चाळींपैकीं एका चाळींतील खोलींत आम्ही कांहीं मंडळी रविवारीं सकाळीं एखादें मराठी पुस्तक मोठ्यानें वाचीत असूं. खोली १६० चौरस फुटांची. १९२० नंतरच्या कांहीं वर्षांत सरकारच्या विकास खात्यानें गिरणगांवांत ज्या हजारों खोल्या बांधल्या, त्यांच्यासारखीच. दाटीवाटीनें बसलें तर बारा माणसें मावत. वाचनाचें काम एका निवृत्त ख्रिस्ती शिक्षिकाबाईंकडे होतें, कारण त्यांचा आवाज स्वच्छ आणि उच्चार शुद्ध. श्रोत्यांत एक वृद्ध गृहस्थ होते. जन्म सातारा जिल्ह्यांतला, गळ्यांत तुळशीची माळ, आयुष्य गिरणीच्या साचेखात्यांत गेलेलें. १९८२ च्या संपांत नोकरी गेली ती परत मिळाली नाहीं. वारी मात्र त्या वर्षींही चुकली नाहीं, असें ते अभिमानानें सांगत. टिळकांनीं बाप्तिस्मा घेतल्यावर लक्ष्मीबाईंना त्यांच्या माणसांनीं पंढरपुरास नेऊन ठेवलें, तो भाग वाचून झाला तेव्हां हे गृहस्थ बराच वेळ गप्प बसले, आणि मग म्हणाले, “बाई पंढरपुरात राह्यली. चंद्रभागंच्या काठाला राह्यली. मग पांडुरंगानं तिला धरून का न्हाई ठिवली?”

शिक्षिकाबाईंनीं पुस्तक मिटून मांडीवर ठेवलें. प्रश्न वादासाठीं विचारलेला नव्हता, म्हणूनच त्याचें उत्तर देणें अवघड होतें. आम्ही कांहींतरी बोललों, आणि तें आमचें आम्हांसच पटलें नाहीं. प्रस्तुत लेख म्हणजे त्या दिवशीं न सुचलेलें उत्तर शोधण्याची खटपट समजावी.

टिळकांची गोष्ट वाचकांस ठाऊक आहे, तेव्हां ती थोडक्यांत. नारायण वामन टिळकांचा जन्म १८६१ सालचा, रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांवचा. १८९३ मध्यें राजनांदगांवाकडे जात असतां आगगाडींत एका युरोपियन सहप्रवाशानें त्यांना बायबलची प्रत वाचावयास दिली. डोंगरावरील प्रवचनानें टिळकांच्या मनाचा ठाव घेतला, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. धर्मांतराची गोष्ट आम्हांस अशीच आवडते. तिला एक दिवस असतो, एक स्थळ असतें. इ. स. ३८६ मध्यें मिलान शहरांतील एका बागेंत सेंट ऑगस्टीनचें मन पालटलें, तो प्रसंग त्यानें इतक्या प्रभावीपणें लिहून ठेवला आहे, कीं विश्वास हा विजेसारखा एकदम चमकणारा पदार्थ आहे अशी समजूत जगभर रूढ झाली. पण टिळकांच्याच पुढील चोवीस वर्षांकडे पाहावें. मिशनच्या चाकरींत त्यांचें मन पुरतें रमलें नाहीं. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलों, असें ते म्हणत. आणि पूल ओलांडल्यावर तो मोडून टाकावा अशी अपेक्षा करणाऱ्यांशीं त्यांचें कधीं जमलें नाहीं. १९१७ मध्यें त्यांनीं मिशन सोडलें आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ काढला. त्यांत बाप्तिस्मा घेतलेल्यांस व न घेतलेल्यांस ख्रिस्ताचे शिष्य म्हणून सारखीच जागा होती. १९१९ च्या मे महिन्यांत मुंबईंतच त्यांचा अंत झाला. म्हणजे १८९५ सालचा तो फेब्रुवारी महिना हा त्यांच्या श्रद्धेचा केवळ उंबरठा ठरतो.

या वाढीची साक्ष त्यांच्या अभंगांत आहे. येशूला ते माउली म्हणतात, सद्गुरु म्हणतात. वारकऱ्याला परकी वाटावी अशी भाषा तेथें जवळ जवळ नाहींच. आमचें मत असें कीं, तुकोबांची तळमळ अंगीं आणावयास टिळक जातात तेव्हां अभंग उसनवारीचा वाटतो, कारण तुकोबांचा काळोख टिळकांच्या वाट्यास आलेला नव्हता. त्यांचा स्वभावच फुलांमुलांत रमणारा. आईजवळ बसलेल्या मुलाच्या निश्चिंतपणानें ते बोलूं लागतात तेव्हां मात्र त्यांचा अभंग त्यांचा स्वतःचा होतो.

बाईंची गोष्ट निराळी. त्यांना आगगाडी भेटली नाहीं कीं ग्रंथ भेटला नाहीं. नवऱ्याच्या बाप्तिस्म्याची बातमी त्यांच्यावर कोसळली ती एखाद्या मृत्यूसारखी. पुढें त्या नगरास टिळकांच्या आसऱ्यास आल्या त्याही ख्रिस्ती होऊन नव्हे. स्वयंपाक निराळा, पाणी निराळें, सोंवळें कायम. टिळकांनीं त्यांना ओढलें नाहीं, हें या पुस्तकांतील आम्हांस सर्वांत मोठें वाटणारें सत्य. हा गृहस्थ घरांतील हरएक बाबतींत उतावळा, खिशांतील पैसा वाटेंत भेटेल त्याला देऊन टाकणारा. पण या एका बाबतींत त्यानें वाट पाहिली. नवऱ्याच्या आणि बायकोच्या बाप्तिस्म्यांत पांच वर्षांचें अंतर आहे. बाईंचा बाप्तिस्मा राहुरीस १९०० मध्यें झाला, आणि त्याआधीं त्यांच्या मनांत जो निर्णय झाला तो ख्रिस्ताविषयींचा नव्हताच. तो होता जातीविषयींचा. जाती देवानें केल्या कीं माणसानें, हा प्रश्न त्यांनीं कोणा पंडिताची मदत न घेतां स्वतःशींच सोडविला, आणि कोणाच्याही हातचें अन्नपाणी घेण्यास आपली हरकत नाहीं असें ठरविलें. ज्या मुलीचें सारें लहानपण पाण्याच्या शिवाशिवींत गेलें, तिच्या मनाचें दार पाण्याच्याच बाजूनें उघडावें, यांत नवल नाहीं.

येथें आम्हांस वारकरी गृहस्थांचें उत्तर सांपडल्यासारखें वाटलें. बाईंनीं पांडुरंग सोडला नाहीं, सोंवळें सोडलें. मागल्या देवांविषयीं कडवट शब्द या चार भागांत आम्हांस आढळला नाहीं. सासरमाहेरच्या ज्या माणसांनीं त्यांना बाटण्यापासून वांचविण्याची पराकाष्ठा केली, त्यांच्याविषयीं तर त्या मायेनें लिहितात. आणि १८९५ सालच्या पंढरपुरांत पांडुरंगाला तरी तिला धरून कसें ठेवतां आलें असतें? त्याच्याच दारांत सोंवळें उभें होतें. चोखोबा पायरीपाशीं थांबला तो थांबलाच; अस्पृश्य मानलेल्यांना तें मंदिर उघडें व्हावयास १९४७ साल उजाडावें लागलें, आणि त्यासाठीं साने गुरुजींना प्राणांतिक उपोषण आरंभावें लागलें.

पुढल्या रविवारीं आम्ही हें सांगितलें. वृद्ध गृहस्थांनीं मान डोलावली. पण शिक्षिकाबाई म्हणाल्या, “हें सुधारकांचें उत्तर झालें. सोंवळें सुटलें म्हणजे येशू भेटला, असं होत असतं तर मुंबईची निम्मी इराणी हॉटेलं देवळं झालीं असतीं.”

टोला आम्हांस बसला, आणि तो रास्तच होता. श्रद्धेचें सामाजिक कारण सांगितलें कीं श्रद्धा सांगून झाली, ही आम्हां टीकाकारांची जुनी खोड आहे. याचा पुरावा मराठींतच आहे. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्यें इंग्लंडांत वाँटेज येथें झाला. १९०७ सालच्या आपल्या साक्षींत त्या स्वच्छ सांगतात कीं, त्या वेळीं ख्रिस्ती धर्म आपणांस मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता. तो मिळावयास पुढें सुमारें आठ वर्षें लागलीं. ग्रीक आणि हिब्रू शिकून सबंध बायबल मराठींत आणणाऱ्या विदुषीनें हें लिहिलें आहे. धर्माचा स्वीकार आणि येशूवर भार टाकणें या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीला वेळ लागतो, हें त्यांच्याइतकें नेमकें कोणीं सांगितलेलें आम्हांस माहीत नाहीं. रमाबाई आपल्या वाढीचा हिशेब देतात. लक्ष्मीबाई देत नाहींत. प्रार्थनेंत काय मागितलें, संशय केव्हां आला, केव्हां फिटला, यांविषयीं त्या फार थोडें बोलतात. कांहीं ठिकाणीं हें मौन आम्हांस खटकलेंही. टिळकांच्या मृत्यूनंतरच्या दिवसांविषयीं वाचक अधिक ऐकूं इच्छितो, आणि बाई कोणत्या तरी घरगुती अडचणीची हकीकत सांगूं लागतात.

मग ही श्रद्धा पुस्तकांत आहे कोठें? पहिला भाग पुन्हां वाचतांना आम्हांस जें दिसलें तें सांगतों. त्यांतील मुलगी सतत भ्यालेली आहे. वडिलांच्या सोंवळ्याला भ्यालेली, सासऱ्याच्या रागाला भ्यालेली, लहरी नवरा केव्हां घर सोडून निघून जाईल या धास्तीनें जगणारी. पण ही भीति सांगणारी बाई मुळींच भ्यालेली नाहीं. ती हंसते, आणि तिच्या हंसण्यांत सूड नाहीं. ज्या वडिलांनीं घरादाराचें बालपण धुऊन टाकलें, त्यांचें वेडही ती अशा रीतीनें सांगते कीं वाचकास त्यांचा राग न येतां कींव यावी; सत्तावनच्या धामधुमींत त्यांच्या सासऱ्यांस फांशी झाली आणि त्या धक्क्यानें हें वेड लागलें, हें ती विसरूं देत नाहीं. ती भित्री मुलगी आणि ही निर्भय लेखिका यांच्यामध्यें जें कांहीं घडलें, तीच तिच्या विश्वासाची वाढ. तिनें ती वर्णन केली नाहीं. तिच्यांत उभी राहून तिनें पुस्तक लिहिलें. वयाच्या पन्नाशीच्या उंबरठ्यावर वैधव्य, गांठीला पैसा नाहीं, आणि तरीही पानोपानीं कुरकुरीचा सूर नाहीं, ही सोशीकता निव्वळ स्वभावाची म्हणावी तर पहिल्या भागांतील मुलीचा स्वभाव तसा नव्हता.

याची उलट बाजू ‘ख्रिस्तायना’त दिसते. टिळकांनीं १९०९ मध्यें आरंभिलेलें हें येशूचें ओवीबद्ध चरित्र त्यांच्या हातून अकरा अध्यायांच्या आसपास झालें. उरलेलें काम बाईंनीं अंगावर घेतलें आणि चौसष्ट अध्याय रचले. निष्ठा म्हणून ही गोष्ट विलक्षण आहे. काव्य म्हणून तिची बाजू आम्हांस घेववत नाहीं. कथानक ठरलेलें, तें सोडावयाचें नाहीं अशी प्रतिज्ञा; त्यामुळें ओवी पुष्कळदां नुसती चालते. फादर स्टीफन्सनें १६१६ सालीं छापविलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’तील ओवीला, लिहिणारा इंग्रज असूनही, जी लज्जत आहे ती येथें क्वचित् येते. येशूविषयीं बोलतांना बाईंची श्रद्धा झांकून जाते, आणि चुलीविषयीं बोलतांना ती दिसते. हा चमत्कारिक प्रकार आहे खरा, परंतु दोन्ही पुस्तकें शेजारीं ठेवून कोणींही ताडून पाहावा. ख्रिस्ती समाजानें ‘ख्रिस्तायना’ला पूज्य मानून ‘स्मृतिचित्रां’ना करमणुकीच्या फळीवर ठेवलें असेल, तर भक्तीच्या दृष्टीनेंसुद्धां ती वांटणी चुकली आहे.

शिक्षिकाबाईंना आमचें हें म्हणणें अर्धें पटलें. पुस्तकाच्या सुरावरून विश्वास ओळखावयाचा तर विश्वास नसलेला एखादा शांत माणूसही तसेंच लिहील, असें त्या म्हणाल्या. आणि त्यावर आमच्यापाशीं उत्तर नाहीं. वृद्ध गृहस्थांनीं टिळकांचा एखादा अभंग ऐकण्याची इच्छा दर्शविली. बाईंनीं उपासनेंतील एक म्हटला. दुसऱ्या चरणापासून म्हाताऱ्यानें मांडीवर ठेका धरला. संपल्यावर म्हणाले, “चाल आमचीच हाय.” बाई म्हणाल्या, “चाल तुमचीच आहे, काका. पण तो तुमचा नव्हे.” दोघेही हंसले. कोणीं कोणाचें ऐकलें असें आम्हांस वाटलें नाहीं.

चौथा भाग अजून वाचावयाचा आहे. ती चाळ आतां नव्या इमारतीसाठीं रिकामी करावयाची असल्यामुळें पुढलें वाचन करी रोडला शिक्षिकाबाईंच्या बहिणीकडे होईल. जिना चार मजल्यांचा आहे, तेव्हां म्हाताऱ्यांस हात देऊन वर आणण्याचें काम आमच्याकडे लागलें आहे.