स्मृतीतला नाद, हातातला नाद

सतार असो वा पियानो, वाद्याचा नाद कारागीर घडवितो आणि वादक तो जागवितो. सिंथेसायझरने ही विभागणी मोडली. नाद घडविण्याची जबाबदारीही वादकावर येऊन पडली. ती त्याने कितपत पेलली, याचा विचार आम्हांला येथे करावयाचा आहे.

अमेरिकेत १९७० साली तयार झालेल्या मिनीमूगला स्मृती नव्हती. ३ लहरजनक, १ फिल्टर आणि एका वेळी एकच स्वर. दोन गीतांमधल्या अल्प अवकाशात, मंचावरच्या अंधारात वादकाला खुंट्या फिरवून पुढचा नाद नव्याने जुळवावा लागे. १९७८ साली डेव्ह स्मिथ यांच्या प्रॉफेट-५ ने हा जाच संपविला. जुळवून ठेवलेल्या ४० ध्वनिरचना बटण दाबताच हजर होऊ लागल्या.

पुढे १९८३ साली जपानच्या यामाहा कंपनीचा डीएक्स-७ आला. एका लहरीने दुसरीची कंप्रता अतिवेगाने हलविली असता नवे उपस्वर जन्मतात, हे स्टॅनफर्ड विद्यापीठातील जॉन चाउनिंग यांचे संशोधन त्याच्या मुळाशी होते. ६ लहरजनक आणि त्यांच्या ३२ प्रकारच्या जोडण्या! परंतु खुंट्या गेल्या आणि लहानशा पडद्यावर एकेक आकडा बदलीत बसणे आले. साहजिकच बहुतेक वादक कारखान्यातून भरून आलेल्या ध्वनींवर विसंबले. त्यांतला इलेक्ट्रिक पियानो त्या दशकातील कितीतरी गीतांतून कानी पडतो.

कृत्रिम म्हणून त्या नादाला नाक मुरडण्याची रीत आहे; ती आम्हांला मान्य नाही. कळ हलके दाबली तर तो नाद गोल व मऊ उमटतो. जोराने दाबली तर त्यात धातूची किणकिण उठते. बोटाच्या वेगाशी येथे आवाजाची पातळीच नव्हे, नादाचा पोतही बांधलेला आहे. हे उत्तम रचनेचे लक्षण होय. दोष ध्वनीचा नाही. कोणत्याही गीताला, कोणत्याही सभागृहात तो जसाच्या तसा चिकटविणाऱ्यांचा आहे.

घरी एकट्याने ऐकताना भव्य भासणारा ध्वनी ड्रम आणि बेस गिटारच्या गर्दीत बुडून जातो. मंचासाठी ध्वनी रचताना त्याचा खर्ज थोडा छाटावा. सभागृहाला स्वतःचा घुमारा असतोच, म्हणून यंत्रातला कमी करावा. एका ध्वनीवरून दुसऱ्यावर जाताना पातळी उसळू नये, हे आधीच तपासावे. आणि फिल्टरची उघडझाप किंवा स्वराचा कंप, असे काहीतरी हाताच्या ताब्यात राखावे. ज्या नादाला वादनाच्या क्षणी काहीच होऊ शकत नाही, तो कितीही मोहक असला तरी आम्ही त्याला जिवंत म्हणणार नाही.

स्मृतीने वादकाचे श्रम वाचविले, हे चांगलेच झाले. वाचलेला वेळ ऐकण्यात गेला काय, एवढाच आमचा प्रश्न आहे. वाचकहो, आपल्यापैकी अनेकांच्या घरी कीबोर्ड आहे. त्यातला एखादा ध्वनी निवडण्यापूर्वी एकच कळ आधी हळुवार, मग जोराने दाबून पाहावी. यंत्र बोटाला उत्तर देते की केवळ पाठ म्हणून दाखविते, हे कान तत्काळ सांगतील.