दप्तरांची नोंद व ‘अ‍ॅटम’ प्रणाली : परीक्षण

जुन्या दप्तरांची नोंद संगणकावर ठेवण्यासाठीं ज्या मुक्तस्रोत प्रणाली आज मिळतात, त्यांत ‘अ‍ॅक्सेस टू मेमरी’, संक्षेपानें ‘अ‍ॅटम’, हिचा विचार संग्राहकांनीं अवश्य करावा. कॅनडांतील आर्टिफॅक्च्युअल सिस्टिम्स या मंडळीनें आंतरराष्ट्रीय अभिलेख परिषदेच्या पाठबळानें ती रचिली; २००८ सालीं तिची आरंभींची आवृत्ति बाहेर आली. मुक्तस्रोत म्हणजे तिची घडण कोणासही पाहतां, बदलतां व वांटतां येते. फुकट मिळते एवढ्यावरच जे भुलतील त्यांस सांगणें प्राप्त आहे कीं, ती चालविण्यास यंत्र व जाणता मनुष्य लागतो, आणि तो खर्च चुकत नाहीं.

तिचा खरा गुण निराळाच आहे. परिषदेनें १९९४ सालीं प्रसिद्ध केलेल्या व पुढें सुधारलेल्या वर्णननियमांवर तिची उभारणी आहे. आधीं समग्र दप्तराचें वर्णन, मग विभागाचें, मग रुमालाचें, शेवटीं सुट्या पत्राचें. वर सांगितलेलें खालीं पुन्हां सांगावयाचें नाहीं. पाणिनीय सूत्रांतील अनुवृत्ति ज्यांस परिचित आहे त्यांस हें नवें वाटणार नाहीं. दप्तर कोणी निर्माण केलें व कोणाकोणाच्या हातून आलें, यास स्वतंत्र जागा आहे. २६ कलमांपैकीं सहाच आवश्यक मानलीं आहेत : संकेतांक, नांव, कर्ता, काल, परिमाण व पातळी. म्हणजे ज्या घराण्याचे दहा रुमाल अद्याप सोडलेही नाहींत, त्यांची नोंद आजच होऊं शकते.

आमच्याकडील प्रघात याच्या उलट. रुमाल सुटला कीं लढाईचें पत्र, तहाचा मसुदा, थोर पुरुषाचें हस्ताक्षर तेवढें वेंचून घ्यावयाचें, आणि देवघराचा खर्च, उसनवारी, वांटणीचे कागद यांचें गांठोडें माळ्यावर टाकावयाचें. कै. गो. स. सरदेसाई यांच्या संपादकत्वाखालीं १९३० पासून पेशवे दप्तरांतील वेंचे ४५ भागांत निघाले. त्यांचे उपकार कोण विसरेल? परंतु विषयवारीनें छापलेल्या पानावर पत्राचे मूळ शेजारी दिसत नाहींत. मिती नसलेल्या पत्राचा काल पुष्कळदां लगतच्या हिशेबाच्या बंदावरूनच ठरतो. तो बंद वेगळा पडला कीं पुरावा गेला.

कालनिर्देशाविषयीं मात्र आमची तक्रार आहे. प्रणालींत कालासाठीं एक मोकळी जागा व आरंभ-अंत दर्शविणाऱ्या दोन ठराविक जागा आहेत. मोकळ्या जागेंत, समजा, ‘छ ६ रबिलाखर, सन इहिदे सितैन’ असें पत्रांतलें जसेंच्या तसें लिहितां येतें. पण कालावरून शोध चालतो तो उरलेल्या दोहोंवर, आणि त्यांस इसवी सनच कळतो. इहिदे सितैन म्हणजे मया व अलफ धरून ११६१. त्यांत ६०० मिळविले कीं १७६१, असा ढोबळ हिशेब करणारा येथें फसेल. शुहूर सन मृगापासून पालटतो, आणि हें पत्र १७६० च्या नोव्हेंबरांत पडतें. शक, हिजरी, शुहूर यांचें गणित प्रणाली करीत नाहीं. मोडकांची जंत्री जवळ घेऊनच तीं घरें भरावीं. सन मुळींच नसेल तर दोन टोकें लांब ठेवावीं. अंदाजाची एकच तारीख घालूं नये, कारण पुढचा अभ्यासक ती पत्रांतलीच समजेल.

मोडीस युनिकोडांत २०१४ पासून स्थान आहे, तरी शोध बालबोध वाचनावरच चालेल.

भरलेली नोंद प्रणालींतून बाहेर काढून दुसरीकडे नेतां येते, हें समाधानाचें आहे. पण यंत्र येण्याची वाट न पाहतां एक काम आजच होण्यासारखें आहे. रुमाल सोडतांना, एकही पत्र उचलण्यापूर्वीं, असलेल्या क्रमानेंच प्रत्येक कागदावर शिसपेन्सिलीनें बारीक अंक घालावा, आणि कोरा कागदही त्यांतून वगळूं नये.