व्होल्डेमॉर्टची मुलगी आणि पाटलांचा नातू

३१ जुलै २०१६ ला रविवार होता. 'हॅरी पॉटर अँड द कर्स्ड चाइल्ड' या नाटकाची छापील संहिता त्या दिवशी बाजारात आली. आदल्या दिवशी लंडनच्या पॅलेस थिएटरमध्ये नाटकाचा अधिकृत शुभारंभ झाला होता. मी तेव्हा इंजिनिअरिंगला होतो, दर शनिवारी पुण्याहून शिरूरला घरी यायचो आणि सोमवारी पहाटेच्या एसटीने परत जायचो. त्या सोमवारी माझ्या शेजारी शाळेपासूनचा मित्र होता आणि त्याच्या मांडीवर ते पुस्तक. रांजणगाव येईपर्यंत आम्ही बोललो नाही. शिक्रापूरला ट्रॅफिक लागलं तेव्हा त्याने पुस्तक मिटलं. "आपण बरोबर होतो रे," तो म्हणाला. "मुलगी आहे त्याला." पण त्याचा चेहरा काही बरोबर ठरलेल्या माणसाचा नव्हता.

(पुढे सगळे स्पॉयलर आहेत. नाटक येऊन इतकी वर्षं झाली, आता माफ करा.)

व्होल्डेमॉर्टला गुपचूप जन्मलेलं मूल असणार, ही आमची थिअरी नववीपासूनची. ती अर्थातच फक्त आमची नव्हती, जगभर पोरं त्यावर डोकं चालवत होती. आमच्यासारख्यांनी पहिलं पुस्तक मराठीत 'हॅरी पॉटर आणि परीस' म्हणून वाचलं आणि पुढची इंग्रजीत अडखळत. पण एक गोष्ट लगेच लक्षात आली होती. रोलिंगबाई नातेसंबंध लपवतात आणि शेवटी काढून दाखवतात. सहाव्या पुस्तकात तर स्वतः व्होल्डेमॉर्टच लपवलेलं मूल निघतो: प्रेमाचं औषध पाजून केलेल्या लग्नातून झालेला, अनाथाश्रमात जन्मलेला. मग त्याचंही मूल असेल, एवढी उडी मारायला फार अक्कल लागत नाही.

माझ्या थिअऱ्या बावळट होत्या. मला ड्रॅगन हवे होते. मित्राची थिअरी वेगळी होती. व्होल्डेमॉर्टचं मूल कुठेतरी साध्या घरात वाढतंय, त्याला काही माहीत नाही, आणि एक दिवस गावाला कळतं. मूल काय करतं, यात त्याला रस नव्हता. गाव काय करतं, यात होता.

हे त्याला का सुचायचं, ते मला तेव्हा कळायला हवं होतं. त्याचे वडील एका पतसंस्थेच्या अपहारात आत गेले होते. तो तेव्हा सातवीत. आठवीच्या सहलीचे पैसे गोळा करायचं काम मॉनिटर म्हणून माझ्याकडे होतं. मी एक दिवस आजारी पडणार होतो म्हणून ते त्याला देऊ का, असं विचारलं तर वर्गशिक्षक फक्त हसले. मी समजलो आणि तापात शाळेत गेलो. पैसे त्याच्या हाती दिले नाहीत. त्यावर आम्ही कधीच बोललो नाही.

आता नाटकाकडे येतो. कथा रोलिंग, जॉन टिफनी आणि जॅक थॉर्न या तिघांची, लेखन थॉर्नचं. हॅरीचा मधला मुलगा आल्बस हॉगवर्ट्सला जातो, स्लिदरिनमध्ये पडतो आणि त्याची दोस्ती होते ड्रेको मालफॉयच्या मुलाशी, स्कॉर्पियसशी. स्कॉर्पियसबद्दल एक अफवा आहे. तो ड्रेकोचा नाहीच, त्याच्या आईला टाइम-टर्नरने भूतकाळात पाठवलं होतं आणि तो व्होल्डेमॉर्टचा मुलगा आहे. म्हणजे बघा, आम्ही शाळेच्या कट्ट्यावर जे करत होतो, तेच नाटकातली पोरं करताहेत. चाहत्यांची थिअरीच पात्रांच्या तोंडी दिली आहे. आणि इथे थॉर्नने फार चांगलं काम केलंय. ती अफवा ज्याच्याबद्दल आहे, तो मुलगा समोर उभा आहे. तो विनोदी आहे, घाबरट आहे, ट्रेनच्या डब्यात एकटा बसून मिठाई खातोय. त्याची आई आजारी आहे, पुढे ती जाते. तरीही कुजबुज थांबत नाही. ज्याला आपण 'भारी थिअरी' म्हणतो, ती एखाद्या मुलाच्या पाठीवर कशी बसते, हे मी याआधी कुठल्या फँटसीत पाहिलं नव्हतं. स्कॉर्पियस हे या नाटकातलं सगळ्यात जिवंत पात्र आहे, हे नाटकावर दात खाणारे लोकही कबूल करतात.

आणि मग उत्तरार्धात नाटक स्वतःच अफवेच्या बाजूने जातं. मूल खरंच आहे, फक्त स्कॉर्पियस नाही, डेल्फी. बेलाट्रिक्स आणि व्होल्डेमॉर्टची मुलगी, मालफॉयच्या हवेलीत हॉगवर्ट्सच्या लढाईआधी जन्मलेली. चाहत्यांनी लगेच कॅलेंडर काढलं. जुलै १९९७ मध्ये बेलाट्रिक्स आकाशातल्या पाठलागात सामील असते, १९९८ च्या ईस्टरला त्याच हवेलीत हर्मायनीचा छळ करते, मग बाळंत कधी झाली? ही भांडणं मजेची होती, मीही एक्सेलमध्ये तारखा मांडल्या होत्या. पण तारखा जुळल्या काय, न जुळल्या काय, खरी अडचण दुसरीकडे आहे.

पहिल्या भागात नाटक सांगतं की रक्तावरून माणूस ओळखू नका. दुसऱ्या भागात सांगतं की ओळखायचं तर नीट ओळखा, तुम्ही चुकीचं पोर धरलं होतं. स्कॉर्पियसची सुटका होते, कारण तो खरोखर ड्रेकोचा आहे. अफवा वाईट होती म्हणून तो सुटत नाही, ती खोटी ठरते म्हणून सुटतो. ती खरी निघाली असती तर?

त्या 'तर'चं नाव डेल्फी. तिचं बालपण नाटक दोन-चार वाक्यांत उरकतं, पण त्यात सगळं आहे. सोन्यासाठी तिला पाळणारी एक बाई, तिचं तिच्यावर प्रेम नाही. घरात एक ऑगरी नावाचा पक्षी, तो रडला की बाई म्हणणार, बघ, तुझा शेवट वाईट आहे म्हणून रडतोय. मग अझ्काबानमधून सुटून आलेला रोडॉल्फस लेस्ट्रेंज तिला बापाचं नाव आणि एक भविष्यवाणी सांगतो. विशीतली मुलगी, जिला पहिल्यांदा कुणीतरी 'तू कुणाची तरी आहेस' असं सांगितलं. शेवटी ती पकडली जाते तेव्हा म्हणते, मला मारा, नाहीतर माझी आठवण पुसा. तिला वडिलांना एकदा बघायचं होतं. हॅरी दोन्हीला नकार देतो आणि म्हणतो की तूही आता अनाथ आहेस आणि त्यासोबत जगायला शिकावं लागेल. मग तिला अझ्काबान.

मारू नका म्हणणारा हॅरी बरोबर आहे. तिने एका मुलाचा जीव घेतलाय, तिला शिक्षा हवीच. पण जिन्याखालच्या कपाटात वाढलेला हा माणूस तिला एक प्रश्नही विचारत नाही? सात पुस्तकं ज्या मुद्द्यावर उभी आहेत, तो असा: आपण कुठून आलो यापेक्षा आपण काय निवडतो ते मोठं. डेल्फीला निवडायला नाटक जागाच ठेवत नाही. ती आली तेव्हाच खलनायिका होती, फक्त आपल्याला उशिरा कळलं.

आजीचं माहेर दौंड तालुक्यात, भीमेच्या काठावर. तिकडे श्रावणात देवळात पोथी लागायची. एक जण ओव्या म्हणणार, दुसरा अर्थ सांगणार. श्रीधरांचा पांडवप्रताप, रामविजय आणि एखाद्या वर्षी जैमिनी अश्वमेध. त्यातला आजीचा लाडका वृषकेतू. कर्णाचा मुलगा, युद्धातून उरलेला. कर्ण खलनायक नव्हे, हे 'मृत्युंजय' वाचून रडलेल्या महाराष्ट्राला सांगायला नको. पण पांडवांच्या बाजूने पाहिलं तर तो शत्रूच, आणि स्वतःही कुंतीचं लपवलेलं मूल. सत्य कळायला इतका उशीर झाला की भावाने भावाला मारलं. आता त्या मेलेल्या शत्रूचं पोर समोर आहे, करायचं काय? जैमिनीच्या कथेत ते पोर पांडवांच्या घरात आहे. यज्ञाचा घोडा आणायला भीमाबरोबर कोण जातं? वृषकेतू. ज्या अर्जुनाने बाप मारला, त्याच अर्जुनाच्या बाजूने तो बभ्रुवाहनाशी लढतो.

हे खूप गोड आहे, मान्य. वृषकेतूला कधी राग आला नसेल का, हे पोथी फारसं विचारत नाही, आणि मला ते खटकतं. पण हरलेल्याच्या मुलाचं जिंकणाऱ्याने काय करायचं, हा प्रश्न तिला पडलाय. लंडनच्या नाटकाला तो पडला नाही. त्याला फक्त गुपित फोडायचं होतं.

आता दुसरं मूल. याबद्दल कुणी लिहिलेलं मी वाचलं नाही, म्हणून जरा सविस्तर.

तिसऱ्या पुस्तकात टाइम-टर्नरचा नियम चोख होता. जे घडलं ते घडलेलंच असतं. तळ्यापलीकडून मला वाचवणारे माझे वडीलच, असं हॅरीला वाटतं. तो तीन तास मागे जातो आणि कळतं की तो स्वतःच होता. काही बदलत नाही, फक्त समजतं. नाटकाने हा नियम मोडला. आल्बस आणि स्कॉर्पियस सेड्रिकला वाचवायला १९९४ मध्ये जातात, पहिल्या टास्कमध्ये त्याची छडी उडवतात आणि परत येतात तो जग वेगळं. हर्मायनीला डर्मस्ट्रँगचा संशय आला, म्हणून ती क्रमसोबत नाचायला गेली नाही, रॉनसोबत गेली. रॉनला मत्सर वाटलाच नाही आणि त्यांचं जमलं नाही. रॉनने लग्न केलं पद्मा पाटीलशी. त्यांना एक मुलगा आहे, नाव पंजू.

पंजूवर आम्ही एसटीत इतके हसलो की कंडक्टरने वळून पाहिलं. पाटलांच्या घरात पंजू? एवढी मोठी गावकी, बारशाला कुणी एक नाव सुचवू नये? पार्वती आणि पद्मा या जुळ्या बहिणी मराठीच, यावर आमच्याकडे कधी दुमत नव्हतं. कर्नाटकवाल्यांचाही दावा असणार, असो. सिनेमात त्यांना नाचायला घागरे घातले तेव्हाही आम्ही चिडलो होतो. पंजू म्हणजे कुणीतरी भारतीय वाटेल असं नाव अंदाजे ठोकून दिलेलं.

हसणं ओसरल्यावर मात्र एक गोष्ट राहिली. पोरं चूक दुरुस्त करायला पुन्हा मागे जातात, आणखी घोळ होतो, व्होल्डेमॉर्ट जिंकलेलं जग तयार होतं, त्यात आल्बस जन्मलेलाच नसतो. स्कॉर्पियस त्याच्यासाठी जिवाचं रान करतो. स्नेप, रॉन, हर्मायनी त्या काळोख्या जगातून मूळ जग परत आणण्यासाठी मरतात, आणि तो प्रसंग खरंच अंगावर येतो. शेवटी सगळं जागेवर. हर्मायनीची मुलगी रोझ परत येते, स्कॉर्पियसला कोण आनंद. पंजू? २०१६ च्या संहितेत त्याच्यासाठी कुणी क्षणभर थांबत नाही. तो पुसला गेला. तो विनोदासाठी होता, विनोद संपला.

मी बॅकएंडवर काम करतो. एकदा आमच्या टीमने रात्री नवीन व्हर्जन चढवलं, ते फसलं, आणि आम्ही डेटाबेस जुन्या स्थितीला नेला. सिस्टिम सुरळीत, सगळे खूश. सकाळी कळलं की मधल्या ४० मिनिटांत लोकांनी केलेल्या नोंदी गेल्या. आमच्या दृष्टीने ती ४० मिनिटं म्हणजे चूक होती. त्या लोकांच्या दृष्टीने ती खरीखुरी ४० मिनिटं होती, त्यांनी फॉर्म भरले होते, पैसे भरले होते. पर्यायी टाइमलाइनच्या प्रत्येक गोष्टीत हाच पेच असतो. कुणाचं जग मूळ आणि कुणाचं चुकीचं, हे कोण ठरवणार?

जयंत नारळीकरांनी 'गंगाधरपंतांचे पानिपत'मध्ये या पेचाला हात न लावता बाजू काढली. प्राध्यापक गायतोंडे मराठे पानिपत जिंकलेल्या जगात जाऊन पडतात. तिथे विश्वासरावांना गोळी लागलेली नाही. ते बघतात, गोंधळतात, आझाद मैदानावरच्या सभेत व्यासपीठावर चढतात आणि मार खातात. पण त्या जगाला दुरुस्त करत नाहीत, आपल्यालाही. परत येतात ते पुस्तकाचं एक फाटकं पान खिशात घेऊन. दोन्ही जगं आपापल्या जागी शाबूत. मराठी माणसाला पानिपत बदलायची केवढी हौस असते, ते जाणूनही नारळीकरांनी मोह आवरला, हे मला आता जास्त कळतं.

मित्राने डेल्फीपुरतं पुस्तक दोनदा वाचलं. वाघोलीच्या पुढे कुठेतरी तो म्हणाला, "शेवटी आतच टाकली ना तिला." मी म्हणालो, अरे, तिने खून केलाय. तो म्हणाला, "त्याबद्दल नाही म्हणत. त्याच्याआधी कुणी काही केलं का?"

मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. बहुतेक पंजूवर जोक केला.

तो आता दौंडला असतो, स्वतःचं हार्डवेअरचं दुकान आहे. गेल्या दिवाळीत गेलो होतो तेव्हा गल्ल्यावर त्याचे वडील बसले होते. त्यांनी मला ओळखलं, चहा सांगितला, आणि सुट्टे मोजून चहावाल्याच्या पोराच्या हातात दिले. मित्र मागे गोदामात पाइप उतरवून घेत होता. त्याला मी सहलीच्या पैशांबद्दल बोलणार होतो. गाडीत बसेपर्यंत तेच घोकत होतो. मग त्याने विचारलं की नवीन हॅरी पॉटर सिरीज येतेय, त्यात पाटलांच्या पोरी मराठी दाखवतील का, आणि आम्ही त्यावर अर्धा तास बोललो.