फेणी: नाव गोव्याचे, भट्टी कोणाची?

नई सडकेवरील आमच्या बिऱ्हाडी परवा गोव्याचे एक स्नेही उतरले आणि त्यांनी पिशवीतून काजू-फेणीची बाटली काढून मेजावर ठेवली. ज्यांच्या घरी दरसाल देवळाच्या उत्सवाचे पत्र येते अशा वाचकांपुढे मद्याचा विषय काढताना आम्हांस संकोच वाटतो. परंतु चर्चा वारशाची आहे, आणि वारसा म्हटला की वकिलाचे कान टवकारतात.

वास घेतला. उग्र खरा, पण खोटा नव्हे. काजूचे झाड पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेले. त्यापासून फेणी करण्याची विद्या मात्र गोव्याच्या माणसाची. बोंडू झाडावरून तोडायचा नाही, आपणहून गळलेलाच घ्यायचा. तो पायांनी तुडवायचा, रस बाहेरचे विरजण न घालता आंबू द्यायचा. भट्टीतून पहिली उतरते ती हुर्राक. ती पुन्हा चढविली की फेणी. केव्हा थांबावे हे जुना भट्टीवाला फेसावरून ओळखतो. हे ज्ञान पुस्तकात नाही, बापाकडून मुलाकडे येते.

अशा घराण्याच्या विद्येचा मान अन्यत्र कसा राखतात? दक्षिण ऑस्ट्रेलियात हेन्श्के नावाचे कुटुंब १८६८ पासून द्राक्षमद्य करीत आहे. त्यांच्या एका मळ्यातील सर्वांत जुन्या वेली १८६० च्या सुमाराच्या. समोरच्या प्रार्थनामंदिराच्या ‘ग्नाडेनबर्ग’ या नावाचे भाषांतर करून मळ्याला व तांबड्या मद्याला ‘हिल ऑफ ग्रेस’ म्हटले. (देवालयाचे नाव मद्याला! वाचकांच्या भुवया उंचावतील, आमच्याही उंचावल्या.) पण त्या बाटलीवर घराण्याचे नाव असते. आमच्या मेजावरील बाटलीवर गोव्याचे नाव होते, बाटली भरणाऱ्याचे होते, भट्टीवाल्याचे नव्हते.

काजू-फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, २०१६ साली गोव्याने तिला वारसा-पेय ठरविले. याचा आम्हांस आनंदच आहे. परंतु १९९९ च्या मानांकन कायद्याप्रमाणे प्रत्यक्ष करणाऱ्याला ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून वेगळी नोंद करावी लागते. त्याच कायद्याचे २४ वे कलम हा हक्क विकू देत नाही, गहाणही टाकू देत नाही. वापरकर्ता मरण पावल्यास मात्र तो त्याच्या वारसाकडे जातो. कलम उत्तम आहे. पण ज्या बोंडूवर ही विद्या चालायची, त्या काजू-विभागांतून मद्य गाळण्याचा हक्क अबकारी खात्याच्या वार्षिक लिलावाने ठरत आलेला. एक कायदा मुलाला बापाचा वारस म्हणतो, दुसरा त्याला दरसाल बोली बोलायला उभा करतो. बोली हुकली तर त्या वर्षी वारशात काय उरले? वारसा-पेय ठरविणाऱ्यांनी आधी हा लिलाव तपासावयास हवा होता, असे आमचे स्पष्ट मत आहे.

स्नेह्यांना आम्ही विचारले, ही कोणत्या भट्टीची? त्यांनी बूच काढून नाकाशी धरले, क्षणभर डोळे मिटले आणि म्हणाले, “आमच्या बाजूची नव्हे, एवढे सांगतो.”