दोन वाटांची फियाट

६८ आणि ७५. जुन्या फियाट ११००चा आस्वाद घ्यायचा तर आपण या दोन आकड्यांपासून सुरुवात करावी, कारण त्या गाडीचा सारा स्वभाव त्यांत साठवलेला आहे. ६८ मिलिमीटर हा सिलिंडरचा व्यास, ७५ मिलिमीटर ही पिस्टनची चाल. असे चार सिलिंडर मिळून १०८९ घनसेंटिमीटर होतात. चाल व्यासाहून लांब असली की इंजिन कमी फेऱ्यांतच भरपूर ओढ देते, घाट चढताना वारंवार गिअर बदलायला लावत नाही; मात्र फेऱ्या वाढवत नेल्या की ते अवघडते. म्हणजे मुळात हे संसारी इंजिन, बिऱ्हाडासह गावी जाण्यासाठी योजलेले. तरीही वेगाच्या उपासकांनी पुन्हा पुन्हा त्याच्यावरच हात चालवला आणि त्याच्या संथ प्रकृतीतून एक निराळेच तेज बाहेर काढले.

त्या तेजाची साक्ष फार दूरवरची आहे. दुसरे महायुद्ध संपल्यावर इटलीतल्या ट्युरिन शहरात पिएरो दुसिओ यांच्या ‘सिसितालिया’ या छोट्या कारखान्यासाठी फियाटचे रचनाकार दांते जाकोसा यांनी ११००चेच भाग घेऊन एकासनी शर्यतीची गाडी घडवली. १९४७ साली ‘मिले मिलिया’ या हजार मैलांच्या शर्यतीत चौपन्न वर्षांचे ताझिओ नुव्होलारी याच कारखान्याची उघडी गाडी घेऊन उतरले, आणि त्यांच्या पुढे राहिली ती केवळ अडीच पटींहून मोठ्या इंजिनाची अल्फा रोमिओ. पिनिनफारिनाने देह घडवलेली बंदिस्त सिसितालिया १९५१ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने शिल्पाच्या मानाने मांडली आणि पुढे आपल्या संग्रहातही घेतली. त्या देखण्या गाडीच्या बॉनेटखाली जे धडधडत होते, त्याच गोत्रातले इंजिन पुढे मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीतून आपल्या सर्वांना घेऊन फिरले! धाराशिवच्या शेजारी, सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून ती फियाट महाराष्ट्रभर पसरली. आणि मद्रासजवळ शोलावरमला, युद्धकाळातल्या विमानांच्या धावपट्टीवर भरणाऱ्या शर्यतींत, हौशी मंडळींनी हीच गाडी सजवून, हलकी करून, पळवून दाखवली.

अशीच एक ‘डुक्कर फियाट’, म्हणजे गोलसर पाठीची जुनी ११००, धाराशिवमधल्या एखाद्या गॅरेजच्या पत्र्याखाली विक्रीला उभी आहे, असे आपण मनात आणू. एमएच २५ पासिंग, गडद लाल रंग, आणि मालकाचे म्हणणे एवढेच की ही रस्त्यावर चालते आणि ट्रॅकवरही धावते. बाहेरून पाहताना त्या गोलसर पाठीवर नजर आधी ठरते. मग पुढची दारे दिसतात, ज्यांच्या बिजागऱ्या मागच्या बाजूला आहेत आणि जी आपल्या सवयीच्या उलट दिशेने उघडतात. जाणत्या हाताने या देहाला धक्का लावलेला नाही. गाडी किंचित खाली बसवली आहे, चाके थोडी रुंद आहेत, बस्स. बदल करणाऱ्याची अभिरुची अशा ठिकाणी कळते. त्याने काय जोडले हे दिसायला वेळ लागत नाही. कुठे हात आवरला ते पाहायला मात्र डोळा तयार असावा लागतो.

बॉनेट उघडले की मूळच्या एकतोंडी सोलेक्सच्या जागी दुतोंडी वेबर कार्बोरेटर दिसतो. संथ चालीत एकच तोंड उघडे असते आणि गाडी बाजाराच्या गर्दीतूनही शहाण्यासारखी जाते. पाय दाबला की दुसरे तोंड उघडते आणि वरच्या फेऱ्यांत जिथे जुने इंजिन धापा टाकू लागायचे, तिथेच त्याला मोकळी हवा मिळते. या एका भागातच दोन वाटांचा समेट झाला आहे, म्हणून मला तो या गाडीतला सर्वांत रसाळ तपशील वाटतो. सिलिंडरचे हेड फेस करून, म्हणजे त्याचा पृष्ठभाग थोडा घासून, ज्वलनाची जागा लहान केली आहे. इथे मिलिमीटरच्या अंशांचा हिशेब असतो: जरासे घासले तर प्रत्येक स्फोटाला धार येते, हाव धरली तर पंपावरच्या साध्या पेट्रोलवर इंजिन ठोके देऊ लागते. सायलेन्सरपर्यंत जाणाऱ्या नळ्यांची लांबी सारखी राखली आहे, जेणेकरून एका सिलिंडरचा उच्छ्वास दुसऱ्याच्या वाटेत येऊ नये. त्यातून निघणारा स्वर खर्जात सुरू होतो आणि फेऱ्यांबरोबर चढत जाताना कुठेही फाटत नाही. पेट्रोलच्या रबरी नळ्याही नव्या आहेत, कारण २० टक्के इथेनॉलचे आजचे पेट्रोल जुन्या रबराला मानवत नाही. हे बारकावे मालकाने आपण न विचारता सांगितले, तर तो माणूस गाडीला खरोखर जीव लावणारा आहे असे खुशाल समजावे.

ट्रॅकला कडक स्प्रिंग हवी, आपल्या तालुक्याच्या रस्त्यांना मऊ. वळणांवर पुन्हा पुन्हा जोरात दाबलेले जुने ड्रमब्रेक तापून हळूहळू पकड सोडतात, म्हणून पुढे डिस्क बसवलेली बरी. गाडी उलटली तर जीव वाचवणारा आतला पोलादी पिंजरा ट्रॅकवर अनिवार्य. पण रस्त्यावर, हेल्मेट नसलेल्या डोक्याशेजारी, तोच उघडा पाइप घातक ठरतो. म्हणून नटबोल्टने बसणारा आणि काढता येणारा पिंजरा ज्याने निवडला, त्याची समज मला मनापासून भावते. दोन्ही वाटांना थोडे थोडे नाकारत ही गाडी उभी आहे, आणि त्या नाकारण्याच्या नेमकेपणात तिचे सौंदर्य आहे.

आता गिऱ्हाईक. बैलबाजारातला पारखी जसा आधी बैलाला चालवून पाहतो, मग दात पाहतो आणि किमतीचे बोलणे सर्वांत शेवटी काढतो, तसाच हा येतो. गाडी आधीच तापवून ठेवू नका, असा त्याचा निरोप असतो. आल्यावर तो बॉनेटवर तळहात ठेवतो. लोखंड थंड असेल तरच किल्ली फिरवायला सांगतो. चोक ओढून पहिली घरघर, मग निळसर धूर निघाला तर रिंगा झिजल्याचा संशय, धूर स्वच्छ असेल तर चेहऱ्यावर समाधान. नंतर येडशीजवळच्या रामलिंग घाटात एक फेरी: चढावर तिसऱ्या गिअरमध्ये ओढ टिकते का, उतारावर ब्रेक एका बाजूला खेचतात का, हे पाहायला याहून चांगली जागा जिल्ह्यात क्वचितच मिळेल. आणि इथेच आपल्या ध्यानात येते की विक्रीमुळे या गाडीचे इतके सखोल वाचन घडते आहे. रोज वापरणारा मालकही तिच्याकडे इतक्या एकाग्रतेने कधी पाहत नाही.

कागदांपाशी मात्र रसिकाने सावध व्हावे. १५ जुलै २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदता येते, तिला ‘व्हीए’ अक्षरांचा क्रमांक मिळतो. पण चॅसिस, देह वा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, आणि रोजच्या वापरासाठी ती रस्त्यावर काढता येत नाही. मोटार वाहन कायद्याचे ५२वे कलम मूळ रचनेपासून दूर जाणाऱ्या बदलांना आवर घालते, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच ठामपणे सांगितले. म्हणून मालकाने वयाचा अभिमान जरूर बाळगावा, पण ‘व्हिंटेज’ची मोहोर मिळेल असे आश्वासन देऊ नये, आरसी बुकातला इंजिन आणि चॅसिस क्रमांक गिऱ्हाइकासमोर जुळवून दाखवावा, कोणता बदल नोंदलेला आहे आणि कोणता नाही हे स्पष्ट सांगावे, मगच इसार घ्यावा आणि २९ व ३० क्रमांकाच्या फॉर्मवर सह्या कराव्यात.

आणि एक लाकडी पेटी. जुना सोलेक्स, मूळच्या स्प्रिंगा, काढून ठेवलेली मागची सीट बसवायचे बोल्ट, कुर्ल्याच्या कारखान्यातून आलेला सायलेन्सरचा आडवा तुकडा, हे सारे तेल लावून, गोणपाटात गुंडाळून तिच्यात ठेवलेले असावे. नव्या मालकाला उद्या पुन्हा मूळ फियाट पाहावीशी वाटली, तर ती वाट उघडी राहते. ती पेटी गाडीबरोबरच द्यावी. तिचे वेगळे पैसे लावू नयेत.